सातारा-सांगलीच्या घरगुती खानावळवाल्यांनो, भाकरी-कालवण मेनूतनं काढू नका

प्रति,
सातारा आणि सांगली जिल्ह्यातले छोटे खानावळवाले काका, दादा, आणि आत तव्यापाशी उभ्या असलेल्या मावशी, काकू, वहिनी,

सप्रेम नमस्कार.

मी फिरतीवरचा माणूस आहे. ठिबकच्या सामानाचं काम, त्यामुळं आज वडूज तर उद्या विटा, मग जत, मग परत कराड असं वर्षभर चालू असतं आणि दुपारचं जेवण जवळपास रोजच तुमच्यातल्या कुणाच्या तरी बाकड्यावर होतं. सकाळी लवकर निघायचं असतं म्हणून घरनं डबा आणता येत नाही आणि रोज दोनशे-अडीचशेचं जेवण भत्त्यात बसत नाही. औषधवाले एमआर, बियाण्याचे लोक, टेम्पोवाले, बँकेचे वसुलीवाले, कोर्टात तारखेला आलेली माणसं, परीक्षेला आलेली पोरं, आमच्या सगळ्यांचं पोट तुमच्यावर चालतं हे आधी सांगतो.

पत्र लिहायचं कारण एकच आहे. गेल्या काही वर्षांत तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी रोजचं साधं जेवण मेनूकार्डाच्या पार तळाला नेऊन ठेवलंय, काहींनी तर काढूनच टाकलंय, आणि त्या जागी पनीरचे दहा-बारा प्रकार, काजू करी, व्हेज कोल्हापुरी, मंचुरियन, शेजवान राईस असलं सगळं आलंय. "भाकरी आहे का" विचारलं तर "आता बंद केली साहेब, रोटी आहे बटर रोटी आहे" असं उत्तर मिळतं. आतून मात्र आमटीच्या फोडणीचा वास येत असतो, कारण घरच्यांसाठी तीच शिजत असते! मला हात जोडून सांगायचंय की जे घरच्यांसाठी शिजतंय तेच आम्हाला वाढा, आणि पाटीवर सगळ्यात वर तेच लिहा.

तुम्ही हे का केलं ते मला कळतं. पोरगं पुण्याला हॉटेल मॅनेजमेंट शिकून आलेलं असतं, किंवा शेजारच्यानं फॅमिली रेस्टॉरंट काढलेलं असतं, आणि सगळे म्हणतात की आता बाहेरनं गाड्या यायला लागल्या, कासला जाणारी, ठोसेघरला जाणारी, महाबळेश्वरला जाणारी, त्यांना हेच लागतं. पण त्या माणसाला पनीर बटर मसाला त्याच्या बिल्डिंगच्या खाली मिळतो, मोबाईलवर मागवला तर घरी येतो, तो घाट चढून साताऱ्यात आलाय ते पनीर खायला नाही. त्याला फक्त माहीत नसतं की इथं काय मागायचं, कारण ते कुठंच लिहिलेलं नसतं.

अख्खा मसूरचंच बघा ना. आपल्याकडं मसूर घरोघरी शिजतो, त्यात काय विशेष असं आपल्याला वाटायचं. पण इस्लामपूर, पेठ नाका, कराड या पट्ट्यात हायवेच्या कडेला लोकांनी मोठ्या अक्षरात अख्खा मसूर लिहिलं, मनापासून तेच एक बनवलं आणि आज पुण्या-मुंबईची माणसं त्यासाठी गाडी थांबवतात, आणि आता तर पुण्यातपण त्याच नावाच्या पाट्या लागल्यात. आपल्या चुलीवरचा साधा मसूर हो तो. मग शेंगदाण्याची आमटी, भरली वांगी, मटकीची उसळ, घेवडा, पिठलं यांनी काय कुणाचं घोडं मारलंय, यांची पाटी का नाही लागत?

आता पैशाचं बोलतो. तुमचा धंदा स्वस्तात का चालतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितेय पण पुढच्या पिढीला ते दिसत नाहीये असं मला वाटतं म्हणून लिहितो. सकाळी एक आमटी, एक उसळ, एक सुकी भाजी, भाताचं एक मोठं पातेलं. बाराला सुरू आणि तीनपर्यंत पातेली रिकामी. उद्यासाठी काही ठेवायचं नाही म्हणून डीप फ्रीज नाही, उरतच नाही म्हणून टाकायचं नाही, आणि सगळ्यांना एकच जेवण असल्यामुळं माणूस बसला की लगेच ताट समोर येतं आणि वीस मिनिटात बाकडं परत मोकळं. त्यात महिन्याचं खातं असलेली माणसं असतात, तालुक्याला एकटे राहणारे शिक्षक, तलाठी, बँकेतले, कंपनीतली पोरं, त्यांच्यामुळं रोज कमीत कमी किती शिजवायचं ते पक्कं असतं आणि आमच्यासारखे येणारे-जाणारे त्याच्या वर. या सगळ्यामुळं शंभराच्या आसपास पोटभर जेवण परवडतं.

मेनूवर ऐंशी पदार्थ आले की ही घडीच मोडते. पनीर, क्रीम, काजू आणून ठेवायला लागतात, लाल ग्रेव्ही पिवळी ग्रेव्ही आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये जाते, पगारावर बाहेरचा कुक येतो आणि तो गावाला गेला की चार दिवस अडचण, प्रत्येक भाजी वेगळी परतायची म्हणून १९ किलोचा सिलिंडर लवकर संपतो, गिऱ्हाईक अर्धा तास बसून राहतं म्हणजे बाकडं अडकून पडतं. आणि एवढं करून स्पर्धा कुणाशी, तर हायवेवरच्या मोठ्या हॉटेलाशी ज्याच्याकडं पार्किंग आहे, एसी आहे, लहान पोरांना झोका-घसरगुंडी आहे. तिथं तुम्ही कसे पुरणार. तुमच्या भाकरीशी मात्र त्याला स्पर्धा करता येत नाही, कारण भाकरी ही आधी करून ठेवायची गोष्टच नाही, ती गरम तव्यावरनं ताटात यायला लागते आणि ती थापणारा हात पगारावर सहज मिळत नाही.

भाकरीचं पीठपण मोठ्या हॉटेलाला झेपणारं नाही बघा. बाजरीचं पीठ थोड्या दिवसात कडवट होतं, ज्वारीचं जुनं झालं की विरी जातं, मग कितीही आधणाच्या पाण्यात मळा भाकरी थापताना चिरते. म्हणजे दळण थोडं थोडं आणि ताजं लागतं, आणि ते रोज संपेल एवढं गिऱ्हाईक लागतं. हे गणित घरगुती खानावळीलाच जमतं. तुमच्यापैकी कितीतरी जणी हे न बोलता रोज करताय आणि त्याचं कुणी कौतुक करत नाही. मी करतो. खटाव-माणच्या बाजूला भर उन्हाळ्यात पत्र्याच्या खाली, तव्याच्या धगीपुढं उभं राहून बाजरीच्या भाकऱ्या थापणाऱ्या बायका मी बघितल्यात, आणि ती पापुद्रा सुटलेली भाकरी, त्यावर मटकीचं कालवण, कच्चा कांदा आणि खर्डा मिळाला की उरलेल्या दिवसाचं उन्ह सोसतं.

आणि आपल्या दोन जिल्ह्यात जेवण किती बदलतं याचा तुम्हाला स्वतःला अंदाज नाही असं मला कधी कधी वाटतं, कारण तुम्ही एका जागी आहात आणि मी फिरतो. पाटण-जावळीकडं डोंगरात भात आणि नाचणी. खाली कृष्णाकाठाला, कराड, वाळवा, पलूसकडं वांगी, शेंगदाणा, ताज्या पालेभाज्या, आणि कालवणाला वरनं तेलाचा तवंग. माण-खटावला बाजरी, मटकी, हुलगा, आणि थंडीत कुणी शेंगोळी केली तर त्या दिवशी दुसरं काही मागूच नये. मग विट्याच्या पुढं आटपाडी, कवठे महांकाळ, जतकडं गेलं की शाळूची पांढरी भाकरी सुरू होते, जतला तर कर्नाटक जवळच असल्यानं कडक भाकरी आणि शेंगाची चटणीपण ताटात येते. गुहागर-विजयपूर रस्त्यानं पाटण, कराड, विटा, जत असा नुसता सरळ गेलात तरी नाचणी, गहू, बाजरी, ज्वारी असं सगळं धान्य एका रस्त्यावर लागतं. एका रस्त्यावर एवढं! आणि त्या सगळ्या रस्त्यावर आज सारख्याच चवीची लाल ग्रेव्ही मिळायला लागली तर किती वाईट वाटेल सांगा.

कोरेगावच्या बाजूच्या वाघ्या घेवड्याला जीआय मानांकन मिळालंय, म्हणजे सरकारनं कागदावर मान्य केलंय की हा इथलाच माल आहे. पण त्या भागात मी जेवायला बसलो की घेवडा माझ्या ताटात फार क्वचित येतो, व्यापाऱ्याच्या पोत्यात भरून बाहेर जातो. आठवड्यातनं एक वार ठरवा, मंगळवारी घेवडा असं पाटीवर लिहा, माझ्यासारखे लोक आपली फिरती त्या वाराला लावतील, खरंच लावतील. २०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्याचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, तेव्हापासून शहरातल्या मॉलमध्ये नाचणी-बाजरी चढ्या भावानं पाकिटातनं विकतात. तुमच्याकडं तर ती परातीत मळलेली तयार आहे.

खानावळ ही आपल्या भागाला नवीन गोष्ट नाही. सांगली हा वेगळा जिल्हा नव्हता तेव्हापासून (१९४९ ला दक्षिण सातारा झाला, १९६० ला त्याचं नाव सांगली) इथली माणसं पोटासाठी मुंबईला गिरण्यांमध्ये जायची, बायकापोरं गावाकडं, आणि तिथं त्यांना जेवायला कोण घालायचं तर गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका. एका खोलीत संसार आणि त्याच खोलीत पंगती. कामगाराचा पगार झाला की महिन्याचे पैसे मिळणार, तोपर्यंत किराणा उधारीवर, आणि उधारीचं व्याज त्या बाईच्या डोक्यावर. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना एकत्र केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं ते याच कारणासाठी, की एवढ्या हजारो माणसांना जेवायला घालणारीच्या कामाला कुणी धंदा म्हणायला तयार नव्हतं. इकडं साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ ला वसतिगृह काढलं, सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला जेवायला लागली, आणि त्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. परक्या माणसाला घरचं जेवण घालायचं ही इथली जुनी रीत आहे, आणि आजपण तुमच्या बाकड्यावर वकील आणि ट्रकचा क्लीनर शेजारी शेजारी बसून एकाच पातेल्यातली आमटी खातात, हे मोठ्या हॉटेलात होत नाही.

त्या गिरणगावातल्या बायकांवरनं पुढचा मुद्दा येतो आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. तुमची थाळी स्वस्त आहे याचं एक कारण असंपण आहे की आत राबणाऱ्या घरच्या बाईचा पगार कुणी धरतच नाही. सकाळी पाचला उठून कांदा-लसूण चिरण्यापासून दुपारी चारला भांडी होईपर्यंत ती उभी असते आणि गल्ल्यावर दुसराच कुणीतरी बसलेला असतो. म्हणून म्हणतो, दर वाढवा. संकोच करू नका. तेल महागलं की आमटी पातळ होते, भाकरी लहान होते, ताक बंद होतं, हे आम्हाला दिसतं आणि वाईट वाटतं, त्यापेक्षा दहा-वीस रुपये वाढवा, पाटीवर स्पष्ट लिहा आणि वाढवलेल्या पैशातला तिचा हिस्सा तिच्या खात्यावर तिच्या नावानं जाऊ दे. ज्या गिऱ्हाइकाला रोज यायचंय तो दहा रुपयांसाठी जाणार नाही, मी तर नाही जाणार.

आणि कुणी म्हणालं की सरकार दहा रुपयात शिवभोजन देतंय, तुमचं एवढं कसं, तर त्याला शांतपणे सांगा. २६ जानेवारी २०२० ला ती थाळी सुरू झाली तेव्हा तिचा खर्च सरकारनंच शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरला होता, दहा रुपये जेवणाऱ्याचे आणि बाकीचे अनुदानाचे, आणि त्यात मोजून दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि मूदभर भात. गरजूंसाठी ती असलीच पाहिजे. पण तुम्हाला अनुदान नाही, तुम्ही पोटभर वाढता, तेव्हा त्या दराशी तुमची तुलना करणं बरोबर नाही.

आता काही छोट्या विनंत्या, सुचतील तशा लिहितो.

बाहेर एक फळा लावा. खडूनं रोजची भाजी, थाळीचा दर, आणि जेवणाची वेळ लिहा. बस्स. बाहेरच्या माणसाला आत येऊन विचारायला अवघड वाटतं, त्यात घरासारखंच घर असतं, चपला काढायच्या की नाही तेपण कळत नाही, आणि मग तो बिचारा पुढं जाऊन वडापाव खातो. भाकरीला दहा मिनिटं लागणार असतील तर तसं सांगा, भूक लागलेला माणूस दहा मिनिटं थांबतो, पण "झालंच साहेब" म्हणून अर्धा तास बसवलं की पुढच्या वेळी येत नाही. तीन वाजता संपलं असेल तर संपलं म्हणा, सकाळच्या भाताला जिऱ्याची फोडणी देऊन समोर आणू नका.

अर्धी थाळी ठेवा. हे मी मिरजेत दवाखान्यांच्या आसपास बघून सांगतोय. तिथं पेशंटबरोबर आलेली माणसं असतात, कर्नाटकातनं, सोलापूरकडनं, पार लांबून आलेली, आठ आठ दिवस राहिलेली, कुणाला धड भूक नसते आणि खिशात मोजके पैसे असतात. म्हातारी बाई पूर्ण थाळीचे पैसे देऊन एक चपाती खाते आणि बाकीचं ताटात राहतं. तिला एक भाकरी, वाटीभर आमटी आणि मूठभर भात कमी पैशात मिळाला तर तुमचंही नुकसान नाही. तिखट कमी, मऊ भात, मुगाचं वरण असं एखादं पातेलं वेगळं ठेवता आलं तर देव तुमचं भलं करेल.

आणि बायकांची सोय करा, हे मी मोठ्यानं सांगतो. आमच्या कामात आता मुली पण आहेत, बचत गटाच्या, बँकेच्या, सर्वेच्या कामाला फिरणाऱ्या आहेत. त्या सांगतात की एकटीनं खानावळीत शिरायचं धाडस होत नाही, सगळी पुरुष मंडळी वळून बघतात, आणि संडास स्वच्छ नसतो म्हणून त्या दुपारी पाणीसुद्धा पीत नाहीत, बिस्किटावर संध्याकाळ काढतात. तुमच्या खानावळीत आत घरातलीच बाई आहे, तिनं बाहेर येऊन "ये गं, इथं बस" एवढं म्हटलं तरी पुरे आहे. एक बाकडं आतल्या बाजूला, एक स्वच्छ मोरी आणि कडी लागणारा संडास, याला मेनूकार्ड छापण्यापेक्षा आणि भिंतीला दिवे लावण्यापेक्षा कमी खर्च येतो आणि एकदा विश्वास बसला की त्या चारजणींना घेऊन येतात.

हायवे मोठा होतोय, उड्डाणपूल होतायत, गाड्या वरच्या वर निघून जातात आणि गावातल्या जुन्या रस्त्यावरच्या खानावळींची दुपार मोकळी जाते, ही तुमची काळजी खरी आहे आणि यावर माझ्याकडं मोठा उपाय नाही. पण फोनवर नकाशा बघून लोक आता दोन किलोमीटर आत वळतात, नाव आणि फोटो दिसला पाहिजे एवढंच. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं नाव तिथं नाहीये, आणि ज्यांचं आहे त्यांनी फोटो बोर्डाचा टाकलाय. ताटाचा टाका. दुपारच्या उजेडात, भाकरी, कालवण, कांदा, लिंबू दिसेल असा, आणि खाली दर आणि वेळ. जमत नसेल तर जेवायला बसलेल्या कुठल्याही पोराला सांगा, हात धुवून पाच मिनिटात करून देतो. मलाही सांगा, मी देतो करून, त्या दिवशीच्या जेवणाचे पैसे देऊनच.

पुढच्या आठवड्यात मी दहिवडी, म्हसवड आणि मग आटपाडीच्या बाजूला आहे. कुणाकडं हुलग्याचं माडगं असेल तर फळ्यावर लिहून ठेवा.

तुमचाच,
एक फिरतीवरचा गिऱ्हाईक